उणे तापमानातला चिखल : ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन

सोमवार, ट्रॉम्सो

आज संध्याकाळी उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून जहाज निघालं, जायचंय स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनला. संध्याकाळ म्हणायचं ते फक्त घड्याळामुळे, जूनचा शेवट आहे आणि इथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री अकरा वाजता पण डेकवर लख्ख ऊन.

कशासाठी चाललोय ते आधी सांगते. फोरॅमिनिफेरा, आम्ही सगळे नुसतं फोरॅम म्हणतो. एका पेशीचे समुद्री जीव, पण स्वतःभोवती कवच बांधतात, कोणी चुन्याचं, कोणी वाळूचे कण चिकटवून चिकटवून, आणि चुन्याची कवचं तळाच्या गाळात लाखो वर्षं टिकतात. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरपेक्षा कमीच. मी लॅबमध्ये हेच काम करते, गाळ चाळणीतून धुवायचा, वाळवायचा, मायक्रोस्कोपखाली बारीक ओल्या ब्रशने एकेक कवच उचलून काळ्या स्लाइडवर मांडायचं, ओळखायचं, मोजायचं. पण ते सगळे मेलेले, रिकामे. आत राहणारा जीव मी कधी बघितलाच नव्हता, आणि ही गोष्ट मला कायम खटकायची, कारण आपण त्या कवचावरून जुन्या समुद्राचं तापमान काढतो, हवामान सांगतो, आणि ज्याने ते कवच बांधलं तो कसा जगतो हे आपल्या डोळ्यांनी बघितलेलं नसतं. म्हणून या ट्रिपचं विचारल्यावर लगेच हो म्हणून टाकलं.

या किनाऱ्यावरून निघताना सार्स या नॉर्वेच्या संशोधक बाप-लेकाची आठवण काढायलाच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश संशोधकाचं म्हणणं होतं की ३०० फॅदमच्या खाली, म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली समुद्रात जीवसृष्टी नाहीच. मायकेल सार्स आणि त्यांचा मुलगा गेऑर्ग ओसियन सार्स यांनी १८६० च्या दशकात इथून जरा दक्षिणेला लोफोटेनच्या समुद्रात खोलवर जाळी टाकली आणि देठावर उभ्या असलेल्या समुद्रलिलीपासून कितीतरी जिवंत प्राणी वर काढले. त्यात फोरॅम पण होते. रॅबडामिना ॲबिसोरम नावाचा वाळूच्या नळ्या बांधणारा फोरॅम आहे, त्याला ते नाव मायकेल सार्स यांनीच दिलंय. पुढे १८७२ ते १८७६ ची चॅलेंजर जहाजाची मोठी मोहीम निघाली त्यामागे या शोधाचा पण हात होता.

मंगळवार

पहिलं सॅम्पल उथळ पाण्यातलं, किनाऱ्याजवळच्या पठारावर. खरं तर सगळी यंत्रं नीट चालतायत ना ते बघण्यासाठीच, पण माझ्यासाठी आजचा दिवस फार मोठा.

वर आलं त्यात खडे आणि शिंपल्यांचे तुकडे होते. आमच्या टीमच्या प्रमुख बाई नॉर्वेच्याच, कित्येक वर्षं हेच करतायत, त्यांनी एक शिंपल्याचा तुकडा उचलून थंड पाण्याच्या बशीत ठेवला आणि म्हणाल्या, याला आता हात लावू नकोस, कोल्ड रूममध्ये ठेव आणि जेवून ये. तीन-चार तासांनी बघितलं तर शिंपल्याला चिकटून बसलेला लोबाट्युला लोबाट्युला, एरवी मी ज्याला स्लाइडवर ठेवून पुढे जाते तो, आणि त्याच्या कवचाच्या कडेने सगळीकडे बारीक पारदर्शक धागे बाहेर आलेले. हे त्याचे छद्मपाद. कवचाच्या रुंदीच्या कितीतरी पट लांब, एकमेकांना जाऊन मिळणारे, मध्येच फाटे फुटणारे, आणि भिंग वाढवलं की दिसतं की प्रत्येक धाग्यावरून बारीक कण धावतायत, काही बाहेर काही आत, एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी, मुंग्यांच्या रांगेची येजा चालते तशी. एका पेशीला हे जमतं! खाणं पकडायचं, आत ओढायचं, चिकटून राहायचं, कवचाची नवी कोठी बांधायची, सगळं या धाग्यांनीच. मी किती वेळ बघत बसले ते आठवत नाही, कोल्ड रूममध्ये बोटं बधिर झाली तेव्हा बाहेर आले.

रात्री गप्पांत हायरोक्किन सार्कोफागाचा विषय निघाला. नॉर्वेच्या थंड पाण्यातल्या प्रवाळांवर आणि मोठ्या शिंपल्यांवर राहणारा हा परजीवी फोरॅम, १९९४ मध्ये त्याचं वर्णन झालं, यजमानाच्या कवचात खड्डा कोरून बसतो. एकपेशीय म्हणून सगळे गरीब बिचारे असतील असं काही नाही.

बुधवार, हाकोन मोस्बी

७२ अंश उत्तर, खोली साधारण १,२५० मीटर. खाली हाकोन मोस्बी नावाचा चिखलाचा ज्वालामुखी आहे, आग वगैरे काही नाही, पोटातून मिथेन वायू आणि मऊ चिखल वर येत राहतो. तळावर पांढरे बॅक्टेरियाचे थर आणि नळीत राहणाऱ्या किड्यांची दाट झाडी.

इथे पाण्याचं तापमान शून्याच्या खाली आलं, आणि ते तसंच राहणार. वरचे काही शे मीटर अटलांटिकचं उबदार पाणी असतं, पाच-सहा अंशाचं, पण साधारण हजार मीटरच्या खाली नॉर्वेच्या आणि ग्रीनलंडच्या समुद्रात सगळीकडे उणे अर्धा ते उणे एक अंश. खारं पाणी उणे १.९ च्या आसपास गोठतं म्हणून हे द्रवच राहतं. हिवाळ्यात वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली बसतं, आणि दक्षिणेला ग्रीनलंडपासून स्कॉटलंडपर्यंत समुद्राखाली एक डोंगररांग आडवी पडलीय, तिच्यातली सगळ्यात खोल फट पण साधारण ८५० मीटरचीच, त्यामुळे हे खोल पाणी एका वेगळ्या खोऱ्यात राहिल्यासारखं आहे. फट ओलांडून सांडतं तेवढंच अटलांटिकच्या तळाकडे जातं. म्हणून इथल्या तळावर अटलांटिकच्या मानाने कमी जातीचे फोरॅम दिसतात, पण जे आहेत ते या थंडीत मजेत आहेत.

मिथेनच्या जागी आमचा इंटरेस्ट असा की मिथेनमधला कार्बन फार हलका असतो, म्हणजे त्यात कार्बन-१३ चं प्रमाण एकदम कमी, आणि इथे जगणाऱ्या फोरॅमच्या कवचात पण तो हलकेपणा थोडाफार उतरलेला सापडलाय. जुन्या गाळात असा सिग्नल दिसला की त्या काळी मिथेन बाहेर पडत होता का असा प्रश्न लगेच येतो. पण कवच नंतर गाळात पडून राहिल्यावर त्याच्यावर बाहेरून पण चुना चढतो, तो सिग्नल वेगळा, आणि जिवंतपणी बांधलेल्या कवचातला वेगळा. हे वेगळं करायचं तर जिवंत असलेला कोणता ते आधी कळायला पाहिजे. या ट्रिपमध्ये हाच प्रश्न परत परत येणार आहे असं दिसतंय.

गुरुवार

दिवसभर नुसता प्रवास, उत्तरेकडे. समुद्र खवळलेला, निम्मे लोक बंकवर पडून.

आज प्रमुख बाईंनी आम्हा नव्या लोकांना बसवून सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी या फोरॅमची सगळी कुंडली सांगितली. खोल समुद्राच्या जुन्या हवामानाचा अभ्यास या एका जातीवर किती उभा आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. कवचातल्या ऑक्सिजनचं असं आहे की जड ऑक्सिजन-१८ आणि हलका ऑक्सिजन-१६ या दोन आयसोटोपांचं प्रमाण पाण्याच्या तापमानावर ठरतं आणि जगात बर्फ किती साठलाय त्यावरही, कारण बर्फात हलका ऑक्सिजन जास्त अडकतो आणि समुद्रात जड उरतो. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या फोरॅमवरून हिमयुगांचा आलेख काढला, आणि १९६७ मध्ये निकोलस शॅकलटन यांनी तळावरच्या फोरॅमवरून दाखवलं की त्यातला बराचसा चढउतार तापमानाचा नसून बर्फाचाच आहे.

मग वुलरस्टॉर्फीच का? तर ती चिखलाच्या आत शिरत नाही. वर बसते, दगडावर, स्पंजवर, किड्यांच्या नळीवर, जिथे उंचवटा मिळेल तिथे, म्हणजे तिच्या अंगावरून जाणारं पाणी हे तळावरून वाहणारं खरं पाणी. चिखलाच्या आत राहणाऱ्या जाती, उदाहरणार्थ मेलोनिस, त्यांच्याभोवतीच्या पाण्यात सडणाऱ्या सेंद्रिय पदार्थाचा हलका कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे त्यांच्या कवचातला कार्बन तळाच्या पाण्याची साक्ष देत नाही. ऑक्सिजनचा आकडा मात्र वुलरस्टॉर्फीत नेहमी थोडा कमी येतो, म्हणून त्यात दर हजारी ०.६४ मिळवून दुरुस्ती करायची ही पद्धत १९७३ पासून चालत आलीय.

आणि गंमत बघा, या जातीचं पहिलं वर्णन कॉनराड श्वागर यांनी १८६६ मध्ये केलं ते आपल्या कार निकोबार बेटावरच्या जुन्या गाळातल्या कवचांवरून! ऑस्ट्रियाच्या नोव्हारा जहाजाने ते नमुने नेले होते आणि त्या मोहिमेचे प्रमुख वुलरस्टॉर्फ, त्यांच्यावरून नाव. निकोबारपासून आर्क्टिकपर्यंत हीच. अंटार्क्टिकाजवळच्या आणि आर्क्टिकमधल्या वुलरस्टॉर्फीचं डीएनए २००७ मध्ये ताडून बघितलं तेव्हा दोन्हीत जवळपास फरकच सापडला नाही, तेच एपिस्टोमिनेला एक्झिग्वा आणि ओरिडॉर्सालिस अम्बोनाटस या तळावरच्या दुसऱ्या दोन जातींचं.

शुक्रवार, ७९ अंश उत्तर

फ्रॅम सामुद्रधुनी. ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधला हा भाग, आर्क्टिक महासागराचं एकमेव खोल दार. इथे जर्मन लोकांचं हाउसगार्टन नावाचं निरीक्षण क्षेत्र आहे, १९९९ पासून दरवर्षी तिथे मोजमाप चालतं. आम्ही जवळच २,५०० मीटरवर सॅम्पल घेतलं.

मल्टिकोअरर म्हणजे लोखंडी सांगाडा आणि त्यात पारदर्शक नळ्या उभ्या लावलेल्या. केबलवर सोडायचा, सेकंदाला साधारण मीटरभर, म्हणजे नुसतं खाली पोचायलाच पाऊण तास. विंचच्या खोलीत सगळे स्क्रीनकडे बघत उभे, तळाला टेकला की केबलवरचा ताण एकदम कमी होतो, ती रेघ पडली की कोणीतरी हुश्श करतं. मग नळ्या हळूच गाळात शिरतात, वर ओढताना खालची-वरची झाकणं बंद होतात, आणि परत पाऊण तास.

नळ्या वर आल्या तेव्हा गाळावरचं पाणी अगदी स्वच्छ होतं. हे सगळ्यात महत्त्वाचं, पाणी गढूळ असेल तर वरचा थर विस्कटला असं समजायचं आणि सगळं फुकट. गाळ तपकिरी, आणि त्याच्यावर हिरवट कापसाळ थर. वर बर्फ वितळून ऊन पडलं की शैवाल फुलतं, ते मरून काही आठवड्यांत इथवर खाली येतं. एपिस्टोमिनेला एक्झिग्वा ही जात याच्यावरच टपलेली असते, हिरवं आलं की भराभर वाढते.

मग आम्ही कोअर, म्हणजे नळीतला गाळाचा उभा दांडा, कापायला बसलो. नळीच्या खालून पिस्टनने गाळ वर ढकलायचा आणि एकेक सेंटिमीटरची चकती पत्र्याने कापून डब्यात. वरच्या सेंटिमीटरमध्येच बहुतेक जिवंत फोरॅम असतात. डब्यात अल्कोहोल आणि त्यात रोझ बेंगॉल हा लाल रंग, लिटरला दोन ग्रॅम. कवचात जीव असेल तर तो गुलाबी होतो, रिकामं कवच पांढरं राहतं. १९५२ पासून ही पद्धत चालू आहे. निदान चौदा दिवस ठेवायचं असा नियम, म्हणजे रंग मुरतो.

पण यात एक मोठी गोम आहे. रंग जीवाला लागत नाही, जीवद्रव्याला लागतो. फोरॅम मेला तरी आतलं जीवद्रव्य लगेच जात नाही, आणि उणे तापमानात तर ते आठवडे, महिने टिकू शकतं. म्हणजे मेलेलाही गुलाबी. म्हणून आज एका कोअरची वरची चकती आम्ही दोन भागांत केली, एक रोझ बेंगॉलमध्ये, दुसरी सेलट्रॅकर ग्रीनमध्ये. हा दुसरा पदार्थ फक्त पेशीतली एन्झाइम काम करत असतील तरच चमकतो. रात्रभर शून्याच्या आसपास ठेवायचं.

शनिवार

सकाळी फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघितलं. काळोखात मधूनच एक हिरवा ठिपका पेटलेला, मग परत काळोख, परत एक. एपिस्टोमिनेला इतक्या बारीक की १२५ मायक्रॉनची चाळणी वापरली असती तर त्या सगळ्या पाण्याबरोबर वाहून गेल्या असत्या, म्हणून इथे ६३ चीच चाळणी घ्यायला हवी, वेळ कितीही जावो. माझं तर ठाम मत झालंय की आर्क्टिकच्या सॅम्पलमध्ये जाड चाळणी वापरून काढलेले आकडे दुसऱ्या आकड्यांशेजारी ठेवूच नयेत.

दुपारी बॉक्स कोअरर टाकला, लोखंडी पेटीच गाळात दाबून चौरस तुकडा वर आणतो. पेटीत गाळाच्या मधोमध एक मुठीएवढा काळा दगड. असे दगड इथे सगळीकडे पडलेत, हिमनग आणि समुद्रबर्फ ते वाहून आणतात, बर्फ वितळला की दगड सरळ तळाला. मऊ चिखलाच्या एवढ्या मोठ्या मैदानात घट्ट जागा म्हणजे हे दगडच.

प्रमुख बाईंनी दगड दोन हातांनी उचलला, चिखलाची बाजू खालीच ठेवून, थंड पाण्याच्या भांड्यात सोडला. मी भिंग लावलं. वरच्या कडेला, गाळापासून जवळजवळ दोन बोटं उंचीवर, वुलरस्टॉर्फी. सपाट बाजू दगडाला चिकटलेली, वरून गोल फुगीर, कोठ्यांच्या मधल्या रेषा जाड आणि धनुष्यासारख्या वाकलेल्या, मोठी मोठी छिद्रं, सगळं पुस्तकात असतं तसंच, पण कवचाचा रंग मला माहीत असलेला खडूसारखा पांढरा नव्हता. काचेसारखं कवच आणि आतून हिरवट-तपकिरी, शेवटच्या एकदोन कोठ्या रिकाम्या, बाकीच्या भरलेल्या. शेजारी वाळूची नळी बांधणारे दोन-तीन, आणि एका स्पंजच्या बुंध्याशी अजून एक छोटी वुलरस्टॉर्फी, तिच्याभोवती चिखलाचा बारीक बांध.

गुरुवारी ऐकलेलं सगळं समोर होतं. ही जिथे बसते तिथे गाळातलं सडकं पाणी पोचत नाही, प्रवाह लागतो, म्हणून तिच्या कवचावर विश्वास ठेवायचा. मी हे शंभर वेळा वाचलंय. पण ती दगडावर चढून बसलेली बघितल्यावर त्या वाक्याला वजन आलं.

लोबाट्युलासारखे धागे मात्र हिने बाहेर काढले नाहीत. रात्री उशिरापर्यंत वाट बघितली. २,५०० मीटरचा दाब अंगावर असलेला जीव पाऊण तासात वर ओढून आणलाय, तिच्याकडून अजून काय मागणार. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या संशोधकांनी या जातीला दाबाच्या टाकीत ठेवून वाढवलंय, तिथे त्यांना दिसलं की ही नुसते येणारे-जाणारे धागे काढत नाही तर कवचाबाहेर मुळं आणि फांद्यांसारख्या कायमच्या रचना उभ्या करते. ते आपण वर आणलेल्या सॅम्पलमध्ये कधीच दिसणार नाही, वर येतानाच मोडत असणार.

रविवार, मोलॉय डीप

आर्क्टिकमधली सगळ्यात खोल जागा, साडेपाच हजार मीटरच्या वर. केबल खाली जायला दीड तासाच्या वर, यायला तेवढाच. पहिल्या वेळी नळ्या रिकाम्या आल्या, एका झाकणात खडा अडकलेला आणि बाकीच्या अर्धवट बंद. सगळ्यांचे चेहरे उतरले. परत टाकला, तेव्हा निम्म्या भरल्या.

इथे खड्ड्याच्या कडांवरून गाळ घसरून खाली जमतो, त्यामुळे वरून आलेले पाहुणे आणि इथलेच रहिवासी ओळखायचे म्हणजे परीक्षाच. वरच्या थरात स्टेटसोनिया होरवाथी दिसली, आर्क्टिकच्या खोल तळाची खास जात, इतकी बारीक की धुळीचा कण समजून सोडून द्यावा.

सोमवार, बर्फाच्या कडेला

पश्चिमेला सरकलो तसा बर्फ लागला. आज तळाचं काम नाही, जाळी टाकून वरच्या पाण्यातले फोरॅम. जवळजवळ सगळे एकाच जातीचे, नीओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा, कवचाचा वेटोळा डावीकडे वळलेल्या. ध्रुवाकडच्या पाण्यात हीच. पूर्वी उजवीकडे वळणारे म्हणजे त्याच जातीचे उबदार पाण्यातले असं समजायचे, २००६ मध्ये जनुकं बघून ती वेगळी जात ठरवली. हिची भाऊबंद अंटार्क्टिकात तर समुद्रबर्फाच्या आतल्या खाऱ्या पोकळ्यांत हिवाळा काढतात.

मंगळवार, इस्फ्योर्डन

फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, तोंडाशी शेवटचं सॅम्पल, त्यात नोनिओनेलिना लॅब्राडोरिका. ही डायटम नावाचं एकपेशीय शैवाल खाते आणि त्यांची हरितद्रव्याची पुडकी न पचवता पेशीत साठवून ठेवते, म्हणून ताजी असताना आतून हिरवी दिसते. उजेड पोचत नाही अशा खोलीवर तिला याचा काय उपयोग? स्वीडनच्या फ्योर्डमधल्या नमुन्यांना मुद्दाम उजेड देऊन बघितलं तर प्रकाशसंश्लेषण झालंच नाही. मग ती पुडकी दुसऱ्याच कशाला तरी वापरत असणार, नायट्रोजन किंवा गंधक घेण्यासाठी असू शकेल असा अंदाज आहे.

दुपारनंतर नुसतं पॅकिंग. डब्यांवर लेबल बाहेरून पण आणि आतून पण, कारण अल्कोहोल सांडलं की बाहेरचं पुसून जातं. संध्याकाळी लाँगइयरब्येनच्या धक्क्याला लागलो.

कामाची वाटणी पण झाली. शुक्रवारचा अर्धा-अर्धा केलेला कोअर मी मागून घेतला. चौदा दिवस झाले की गुलाबी मोजायचे आणि हिरव्या चमकणाऱ्यांच्या आकड्याशेजारी ठेवायचे, जातीनिहाय. प्रमुख बाईंचा अंदाज आहे की एपिस्टोमिनेलात फारसा फरक येणार नाही, त्या हिरव्या थराबरोबर आत्ताच वाढलेल्या आहेत, पण ओरिडॉर्सालिस आणि मेलोनिसमध्ये गुलाबी बरेच जास्त निघतील, कारण त्या सावकाश वाढणाऱ्या आणि मेल्यावर पण आत जीवद्रव्य धरून राहणाऱ्या. मला वाटतं फरक सगळ्यांतच येईल, तापमान उणे आहे ते सगळ्यांनाच उणे. दगडावरच्या दोन वुलरस्टॉर्फी मात्र त्यांनी दगडासकट अल्कोहोलमध्ये ठेवल्यात, आयसोटोपसाठी फोडायच्या नाहीत असं डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून.